ब्लूबेरीची पानं पिवळी, वाढ खुंटलेली: खत घालण्याआधी हे तपासा

आधी लक्षणं बघा. झाडासमोर उभं राहून, पानं हातात घेऊन बघा, कारण "पिवळं पडलंय" एवढ्या माहितीवर काहीच ठरवता येत नाही. कोणतं पान पिवळं आहे आणि पानाचा कोणता भाग पिवळा आहे, यावर सगळं अवलंबून आहे.

- शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्यागार. पानावर हिरवी जाळी काढल्यासारखी दिसते. खालची जुनी पानं त्या मानाने बरी. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण.
- आधी खालची, जुनी पानं फिकट होतात. शिरा, पातं सगळं सारखंच फिकट आणि मग पान गळतं. हे नत्र कमी पडल्याचं लक्षण.
- जुन्या पानांच्या कडा आणि शिरांमधला भाग पिवळा किंवा लालसर, मधल्या शिरेलगत हिरवी पाचर शिल्लक. हे मॅग्नेशियमचं.
- पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत. क्षार साठलेत किंवा मुळं कोरडी पडतायत.
- माती ओली आहे तरी झाड मान टाकतं. मुळांचं दुखणं.
- वर्षभरात नवीन फूट जेमतेम बोटभर. निरोगी झाडाच्या नव्या फांद्या एका हंगामात साधारण 30 ते 45 सेंटिमीटर वाढायला हव्यात.

दोन गोष्टी लक्षणांत मोजू नका. थंडी सुरू होताना पानं लाल होऊन गळणं हा ब्लूबेरीचा स्वभाव आहे. आणि हंगामाच्या सुरुवातीला नवी पालवी तांबूस निघाली तर तिच्या मागे लागू नका, आठवड्या-दोन आठवड्यांत ती हिरवी होते.

यादीतलं पहिलं लक्षण सगळ्यांत जास्त वेळा दिसतं, आणि त्यावर सगळ्यांत जास्त वेळा चुकीचा इलाज होतो. पान पिवळं दिसलं की माणूस खताची पिशवी उचलतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. लोह बहुतेक मातीत भरपूर असतं. मातीचा सामू, म्हणजे पीएच, 6 च्या वर गेला की ते अशा रूपात अडकून बसतं की ब्लूबेरीच्या मुळांना उचलता येत नाही. भरल्या ताटासमोर हात बांधून बसवलेल्या माणसाला आणखी वाढून काय उपयोग?

ब्लूबेरीला 4.5 ते 5.5 सामूची माती लागते. बागेतली बहुतेक झाडं 6 ते 7 मध्ये खूश असतात, म्हणून हा फरक किरकोळ वाटतो. तो किरकोळ नाही. सामूची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते: 5.5 च्या मातीपेक्षा 4.5 ची माती दहा पट आम्ल, आणि 6.5 पेक्षा शंभर पट. ही गोष्ट नवीनही नाही. अमेरिकी कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी 1910 मध्ये आपले प्रयोग छापले, त्यात स्पष्ट म्हटलं होतं की भरपूर शेणखत आणि चुना घातलेल्या, ज्याला आपण 'चांगली' म्हणतो अशा बागेच्या मातीत ब्लूबेरी जगत नाही. त्याआधी लोक जंगलातली झुडपं आणून कसदार वाफ्यात लावायचे आणि ती मरायची. आजही तेच चालू आहे, फक्त रोप जंगलाऐवजी रोपवाटिकेतून येतं.

मुळांची रचनाही वेगळी आहे. ब्लूबेरीची मुळं केसासारखी बारीक असतात, बहुतेक वरच्या 20-30 सेंटिमीटरमध्येच पसरतात, आणि इतर झाडांच्या मुळांवर असतात तसे मूलरोम त्यांना नसतात. मुळांवर राहणाऱ्या एका खास गटातल्या बुरशीच्या मदतीने ती अन्न घेतात. त्यामुळे पाणी साचणं, कोरड, क्षार, खुरपणी हे सगळं तिला इतर झुडपांपेक्षा लवकर लागतं.

आता तपासण्या. क्रम बदलू नका. पहिल्या तीन फुकट आहेत आणि निम्म्याहून जास्त झाडांचं दुखणं तिथेच सापडतं.

तुम्ही काय घालताय ते लिहून काढा

मागच्या वर्षभरात त्या झाडाच्या बुंध्याशी काय काय पडलं, त्याची यादी करा. खत म्हणून घातलेलं, 'वाया कशाला घालवायचं' म्हणून टाकलेलं, सगळंच.

लाकडाची राख यादीत असेल तर शोध बहुतेक तिथेच संपला. राख चुन्यासारखीच वागते, सामू झपाट्याने चढवते. अंड्याची टरफलं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तोच चुना, फक्त सावकाश विरघळणारा. हाडांच्या चुऱ्यातही कॅल्शियम असतं, ब्लूबेरीला ते नको. शेणखत, कोंबडीखत आणि गांडूळखत बहुतेक वेळा उदासीन ते किंचित अल्कधर्मी असतात, शिवाय त्यांत क्षार असतात. टोमॅटोला जे अमृत, ते या झाडाला त्रासदायक. चमचाभर गांडूळखताने झाड मरणार नाही, पण खड्डा भरताना निम्मी माती आणि निम्मं शेणखत असं मिश्रण केलं असेल, तर मूळ दुखणं तेच आहे.

कॉफीच्या चोथ्याबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं. वापरलेल्या चोथ्यातली आम्लता कपात गेलेली असते. चोथा जवळजवळ उदासीन असतो. थोडा टाकल्याने बिघडत नाही, पण त्याच्या भरवशावर सामू उतरेल असं समजू नका, आणि जाड थर दिला तर तो वाळून पापुद्र्यासारखा घट्ट होतो, पाणी आत जाऊ देत नाही. पाइनच्या सुयांचं आच्छादन उत्तम, पण तेही आच्छादन म्हणून. माती आम्ल करण्याचं काम त्या जवळपास करत नाहीत.

जिप्समने सामू उतरतो असा एक गैरसमज आहे, कारण त्यात 'सल्फेट' आहे. उतरत नाही. एप्सम मीठानेही (मॅग्नेशियम सल्फेट) उतरत नाही. सामू उतरवतं ते मूलद्रव्यरूपातलं गंधक, नावात नुसतं 'सल्फेट' असून भागत नाही.

यादीत न येणारी एक गोष्ट म्हणजे सिमेंट. झाड भिंतीलगत आहे का, वाफ्याची कड सिमेंटच्या विटांची आहे का, कुंडी सिमेंटची आहे का, तिथे मागे बांधकामाचा राडारोडा पुरलेला आहे का? सिमेंट आणि गिलाव्यातून चुना झिरपत राहतो. एकाच ओळीत लावलेल्या झुडपांपैकी भिंतीजवळचं एकटंच पिवळं असेल तर मी आधी त्या भिंतीकडे बघतो.

पाणी

माती अगदी शास्त्रशुद्ध बनवली, पहिलं वर्ष झाड झकास वाढलं, दुसऱ्या वर्षी शेंड्याची पानं पिवळी पडू लागली. ही कहाणी ऐकली की संशय पाण्यावर. यात पाण्याचा सामू किती आहे हा प्रश्न दुय्यम. पाण्यात बायकार्बोनेट किती विरघळलंय, हा खरा प्रश्न, कारण मातीतली आम्लता तेच खाऊन टाकतं.

हिशेब करून बघा. पाण्याची अल्कता, म्हणजे आम्लता खाऊन टाकण्याची ताकद, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, असं धरू. जड पाण्यात एवढी सहज असते. आठवड्याला 20 लिटर पाणी दिलं तर आठवड्याला 4 ग्रॅम चुना दिला. वर्षात 200 ग्रॅम. तुम्ही हाताने कधीच 40 लिटरच्या कुंडीत पावशेराच्या आसपास चुना ओतला नसता, पण झारीने तेवढा ओतलात.

घरात खूण शोधायची तर किटलीच्या तळाशी आणि नळाच्या तोंडाशी बघा. पांढरा, खरवडून निघणारा थर असेल तर पाणी जड आहे. आकडा हवा असेल तर मत्स्यालयासाठी मिळणारा कार्बोनेट कठीणपणाचा थेंबांचा संच स्वस्तात काम करतो. त्यातला एक अंश म्हणजे लिटरला सुमारे 18 मिलिग्रॅम. लिटरला 50 च्या खाली असेल तर पाण्याला दोष देऊ नका. 150 च्या वर असेल तर तेच पाणी देत राहून मातीवर केलेला कोणताही इलाज टिकणार नाही.

सगळ्यांत चांगला उपाय पावसाचं पाणी. छपरावरून पिंपात साठवा, पण छप्पर सिमेंटच्या पत्र्याचं किंवा नुकत्याच टाकलेल्या काँक्रीटचं नको. आरओ यंत्रातून गाळलेलं पाणी चालतं. त्याच यंत्राच्या दुसऱ्या नळीतून जे पाणी बाहेर टाकलं जातं, ते मात्र अजिबात नको: नळाच्या पाण्यातले सगळे क्षार त्यात आणखी दाट होऊन आलेले असतात. पाणी वाचवायच्या चांगल्या हेतूने नेमकं तेच ब्लूबेरीला घातलेलं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातलं पाणीही टाळा, त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं.

पावसाचं पाणी पुरत नसेल तर सायट्रिक आम्ल. वर धरलेल्या 200 मिलिग्रॅमच्या पाण्याला 10 लिटरच्या बादलीत सुमारे 4 ग्रॅम लागतं. आधी थोडं घाला, ढवळा, पट्टीने सामू बघा, 5 ते 5.5 च्या दरम्यान थांबा. त्याखाली जायची गरज नाही. पांढऱ्या व्हिनेगरनेही हे होतं. पण हा तात्पुरता आधार आहे हे ध्यानात ठेवा. ही सेंद्रिय आम्लं मातीतले सूक्ष्मजीव खाऊन टाकतात आणि परिणाम बराचसा मागे फिरतो. कोरड्या महिन्यांत वेळ मारून न्यायला ठीक. बॅटरीतलं आम्ल पाण्यात घालण्याचे सल्लेही फिरत असतात. ते सेंद्रिय पद्धतीत बसत नाही, आणि ते हाताळणं धोक्याचं आहे.

बोट घाला, मग खुरप्याने बाजू उघडा

आच्छादन बाजूला सारून बुंध्यापासून वीतभर अंतरावर बोट घाला. दोन पेरं खोल माती ओलसर लागली पाहिजे, चिखल नको. आता तेच बुंध्याशेजारी करा. बाहेरची माती ओली आणि बुंध्याशी कोरडं ठणठणीत, असं सापडलं तर रोपवाटिकेतून आलेला मूळगोळा अजून तसाच आहे. तो बहुतेक पीट (दलदलीत साठलेलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) किंवा कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याचा भुसा) असतो. पीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी झिडकारतं, वरून घातलेलं पाणी कडेने निघून जातं. मुळंही त्या गोळ्याबाहेर आलेली नसतात. झाडाला रोज पाणी मिळतंय असं दिसतं आणि ते तहानेने करपत असतं.

उपाय सोपा आहे. तोटी बारीक सोडून बुंध्याशी तासभर थेंबथेंब पाणी पडू द्या, दोन-तीन दिवस लागोपाठ. कुंडी असेल तर ती अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा, बुडबुडे थांबले की बाहेर काढून पूर्ण निथळू द्या. लावतानाच मूळगोळा बोटांनी सैल करून, कडेची गोल फिरलेली मुळं मोकळी करून लावला तर ही वेळ येत नाही.

उलट बाजूने, निचरा बघायचा तर झाडापासून जरा लांब 30 सेंटिमीटर खोल खड्डा काढून पाण्याने भरा. तो जिरला की पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी चार-पाच तासांनीही उभं असेल तर त्या जागी ब्लूबेरी सपाट जमिनीत राहू शकत नाही. भारी मातीत खड्डा काढून तो पीटने भरणं ही तर आणखी वाईट युक्ती, कारण तो खड्डा पाणी साठवणारं भांडं होतो. 30 ते 45 सेंटिमीटर उंच गादीवाफा करा आणि मुळं त्यात ठेवा.

खुरप्याने बाजूची थोडी माती उघडून मूळ बघा. निरोगी बारीक मुळं फिकट तपकिरी आणि चिवट असतात. काळपट, मऊ, बोटात धरून ओढलं की साल निघून आतला दोरा तेवढा हातात राहणारी मुळं दिसली तर पुढच्या तपासण्या सोडा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

कुंडीच्या मातीवर पांढरी पापडी असेल तर क्षार साठलेत. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पावसाचं पाणी हळूहळू ओतून खालून वाहू द्या, आणि तळाच्या बशीत साचलेलं पाणी झाडाला परत पिऊ देऊ नका.

सामू मोजा, पण नीट

दोन सळया मातीत खुपसायच्या, बॅटरी नसलेल्या त्या स्वस्त मीटरवर माझा काडीचा विश्वास नाही. ओलावा बदलला की त्याचा आकडा बदलतो. त्यापेक्षा 4 ते 7 दरम्यान बारीक टप्पे दाखवणाऱ्या पट्ट्या बऱ्या. डिजिटल मीटर असेल तर वापरण्याआधी 4 आणि 7 च्या प्रमाण द्रावणात जुळवून घ्या.

आच्छादन सारून, 10-15 सेंटिमीटर खोलीवरून, झाडाभोवतीच्या चार-पाच जागांची माती घ्या. एकत्र करा, सावलीत वाळवा, खडे काढा. एक वाटी माती, एक वाटी शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी. नळाचं पाणी घेतलं तर तुम्ही नळच मोजाल. ढवळून अर्धा तास ठेवा, वरचं पाणी कागदी गाळणीतून गाळून घ्या आणि त्यात पट्टी बुडवा.

4.5 ते 5.5 आलं तर सामूला हात लावू नका. पिवळेपणाचं कारण मुळं, पाणी किंवा नत्र यात शोधा. 5.5 ते 6 असेल तर पाणी सुधारणं, आच्छादन आणि गंधकाची हलकी मात्रा एवढ्यावर भागतं. 6 ते 7 मध्ये गंधक लागेल आणि धीरही लागेल. 7 च्या वर असेल तर गंधक विकत घेण्याआधी पुढची चाचणी करा. आणि 4 च्या खाली आकडा आला, तर कोणीतरी आधीच जास्त गंधक घातलेलं आहे. तिथे मँगनीज वाजवीपेक्षा जास्त विरघळून मुळांना बाधतं. काही घालू नका.

व्हिनेगरचे चार थेंब

मातीचं एक ढेकूळ पूर्ण वाळवा. ओल्या मातीतली हवा बुडबुडे होऊन निघते आणि फसवते. वाळलेल्या ढेकळावर पांढऱ्या व्हिनेगरचे थेंब टाका आणि कान जवळ न्या. फेस दिसला किंवा बारीक चरचर ऐकू आली तर मातीत मोकळी चुनखडी आहे.

मग जमिनीत ब्लूबेरी विसरा. याचं गणित निर्दय आहे. एक चौरस मीटर जागेची 20 सेंटिमीटर खोल माती साधारण 260 किलो भरते. त्यात फक्त 1 टक्का चुनखडी असली तरी ती 2.6 किलो झाली, आणि ती नुसती संपवायला 800 ग्रॅमपेक्षा जास्त गंधक लागतं. सामू उतरायला सुरुवात होईल ती त्यानंतर. चुनखड जमिनीत चुनखडी 1 टक्क्यावर थांबत नाही, आणि खालून, बाजूने, पाण्यातून ती येतच राहते. मोठी कुंडी किंवा तळाशी कापड अंथरून मूळ जमिनीपासून वेगळा केलेला उंच वाफा, हाच शहाणपणाचा मार्ग.

गंधक: किती, कधी

माती फसफसत नसेल तर गंधक चालतं, आणि खनिज गंधक सेंद्रिय पद्धतीत मान्य आहे. ते स्वतः आम्ल नाही. मातीतले जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्लात रूपांतर करतात. म्हणून त्याला ऊब हवी, ओल हवी, हवा हवी आणि महिने हवेत. माती 13 अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर काम जवळजवळ थांबतं. पाणी साचलेल्या मातीत उलटंच होतं, सडक्या अंड्याचा वास मारणारा वायू तयार होतो. निचरा गंधकाच्या आधी तपासायला सांगितला तो याचसाठी.

सामू 6 वरून 4.5 वर आणायला चौरस मीटरला हलक्या वाळूमिश्रित मातीत साधारण 60 ग्रॅम, मध्यम पोयट्यात 170 ग्रॅम, चिकणमातीत 260 ग्रॅम गंधक लागतं. हे आकडे लागवडीआधी माती मोकळी असताना, वरच्या 15-20 सेंटिमीटरमध्ये मिसळण्यासाठी आहेत, आणि ते काम लागवडीच्या सहा महिने ते वर्षभर आधी करायचं.

झाड आधीच उभं असेल तर एका वेळी चौरस मीटरला 50 ग्रॅमच्या वर जाऊ नका. आच्छादन सारा, गंधक पसरा, आच्छादन परत ओढा, पाणी द्या. खुरपून मिसळायचा मोह टाळा, मुळं वरच आहेत. तीन-चार महिन्यांनी सामू पुन्हा मोजा आणि मगच पुढची मात्रा. भुकटी उडते आणि डोळ्यांत भयंकर चुरचुरते, दाणेदार घ्या किंवा चष्मा लावा.

ॲल्युमिनियम सल्फेटने सामू लगेच उतरतो म्हणून ते सुचवलं जातं. ते सेंद्रिय नाही, आणि त्यातलं ॲल्युमिनियम आम्ल मातीत मुळांना विषारी ठरतं. या झाडाला नको.

तोपर्यंत पानांचं काय? हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, वेष्टनावरच्या प्रमाणात फवारलं की नवी पानं काही आठवडे हिरवी राहतात. प्रमाणित सेंद्रिय शेतीत कमतरता सिद्ध झाल्यावर सूक्ष्मअन्नद्रव्य म्हणून ते वापरता येतं, पण आधी तुमच्या प्रमाणन संस्थेला विचारा. फरशीवर सांडू देऊ नका, गंजाचे डाग निघत नाहीत. आणि लक्षात असू द्या, याने पान रंगतं, माती तिथेच राहते.

आता खत

सामू जागेवर आला, पाणी सुधारलं, मुळं धड आहेत, तरी खालची पानं फिकट आणि फूट आखूड, तर झाड खरंच भुकेलं आहे. मग खायला घाला, पण त्याच्या पद्धतीने.

ब्लूबेरीला नत्र अमोनियमच्या रूपात हवं असतं, नायट्रेट तिला नीट वापरता येत नाही. पेंडीतलं नत्र कुजताना आधी अमोनियमच होतं, आणि आम्ल मातीत ते नायट्रेटमध्ये बदलण्याचा वेग मंद असतो, म्हणून झाडाला पुरेसा वेळ मिळतो. सामू चढलेला असेल तर तीच पेंड लवकर नायट्रेट होते. खताचा नंबर शेवटी का, याचं हे आणखी एक कारण.

सरकीची पेंड माझी पहिली पसंती: नत्र सुमारे 6 टक्के, सावकाश सुटणारी, किंचित आम्लतेकडे नेणारी. कमी फवारणीच्या कापसाची मिळाली तर सोनं. सोयाबीन पेंडही चालते, नत्र जवळपास 7 टक्के. रक्ताची भुकटी 12 टक्क्यांच्या आसपास असते आणि हात जरा सैल सुटला की मुळं भाजते, त्यामुळे नवख्यांनी लांबच राहावं. मासळीचा द्रव अर्क पातळ करून कुंडीला बरा.

पहिल्या वर्षी सरकीची पेंड हंगामभरात मिळून झाडाला 100 ग्रॅमच्या आसपास, तीन हप्त्यांत. पूर्ण वाढलेल्या झुडपाला 400 ते 450 ग्रॅम, तेही तीन हप्त्यांत. पहिला हप्ता कळ्या फुगताना, पुढचे साधारण सहा-सहा आठवड्यांनी, आणि उन्हाळ्याच्या मध्यानंतर बंद. उशिरा घातलेल्या नत्राने कोवळी फूट येते आणि ती थंडीत मरते. नुकतं लावलेलं रोप पहिली पानं पूर्ण उघडेपर्यंत उपाशीच ठेवा. पेंड बुंध्याला न चिकटवता वीतभर लांब गोलाकार पसरा आणि आच्छादनाखाली झाका, नाहीतर रात्री उंदीर आणि कुत्री उकरून ठेवतील.

पालाश (पोटॅशियम) कमी आहे असं माती परीक्षणात निघालं तर खनिज पोटॅशियम सल्फेट घ्या. क्लोराइडयुक्त पोटॅश नको, ब्लूबेरीला क्लोराइड सोसत नाही.

आच्छादन मात्र सढळ हाताने. पाइनची साल किंवा जुना लाकडाचा भुसा, 7 ते 10 सेंटिमीटर जाड, बुंध्याभोवती चार बोटं मोकळी सोडून. ताजा भुसा कुजताना मातीतलं नत्र स्वतःच ओढतो, तो वापरला तर त्या वर्षी पेंडीचा हात थोडा सैल ठेवा.

नव्याने माती करायची वेळ

चुनखडी सापडली, कुंडीची माती चढत चढत 7 ला पोचली किंवा मूळगोळ्याबाहेर मुळं येईचनात, तर दुरुस्तीपेक्षा माती बदलणं स्वस्त पडतं. पाने गळलेली असतानाच्या विश्रांतीत हे करा. निम्मी बारीक पाइनची साल, चाळीस टक्के पीट आणि दहा टक्के परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) हे मिश्रण वर्षानुवर्षं टिकतं. पीटचा सामू साधारण 3.5 ते 4.5, त्यामुळे वेगळं गंधक लगेच लागत नाही. पीटऐवजी कोकोपीट घ्यायचं तर ते तेवढं आम्ल नसतं हे धरून चाला, आणि आधी दोन-तीनदा धुऊन घ्या, कारण त्यात मीठ असू शकतं. बागेची माती एक ओंजळही नको. छोट्या रोपाला 20 लिटरची कुंडी, मोठ्याला 40-50 लिटरची, प्लास्टिक किंवा लाकडाची.

सुधारणा बघताना आधी पिवळी पडलेली पानं बघू नका, त्यातली बरीच तशीच राहून गळतील. इलाजानंतर उमललेली पानं हिरवी आहेत का, एवढंच बघा.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

मुळं काळी, मऊ आणि साल सुटणारी असतील तर ती मुळकूज आहे, बहुधा पाणी साचलेल्या मातीत वाढणारी फायटोफ्थोरा. घरगुती औषधं करत बसू नका. रोग तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मुळांचा नमुना द्या, आणि निकाल येईपर्यंत त्या वाफ्याची माती, पाणी, खुरपं दुसऱ्या झाडाकडे नेऊ नका. पानांवर ठिपके, वेडीवाकडी नक्षी, लाल कडी, किंवा झुडपाची एकच बाजू वाळत चाललेली असेल तर तो विषाणू किंवा फांदीचा रोग असू शकतो. खतपाण्याने तो बरा होत नाही. सामू 4 च्या खाली गेला असेल, किंवा गंधकाच्या दोन मात्रांनंतर, एक पूर्ण उबदार हंगाम उलटूनही आकडा हलला नसेल, तरी अंदाजाने तिसरी मात्रा घालू नका.

माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना देताना 'ब्लूबेरीसाठी' असं लिहून द्या, नाहीतर अहवालात सवयीने चुना घालण्याची शिफारस येईल. सामू, विद्युत वाहकता (क्षार किती आहेत याचं माप), मोकळी चुनखडी आणि सेंद्रिय कर्ब एवढं मागून घ्या. सोबत तुमच्या पाण्याची बाटलीभर तपासणी आणि शक्य असेल तर पान परीक्षणही. त्यासाठी शेंड्याची कोवळी किंवा बुडाची जुनी पानं नकोत, त्या वर्षीच्या फांदीच्या मधली, पूर्ण वाढलेली पानं द्या. पिवळ्या आणि हिरव्या झाडाची पानं वेगवेगळ्या कागदी पाकिटांत द्या, प्लास्टिकच्या पिशवीत ती वाटेतच कुजतात.